दर्यावरचं निशाण

मराठीत ‘लांछन’ या शब्दाचे फार हाल झाले आहेत. आज चारित्र्याला लांछन लागतं, कुळाला लांछन लागतं, आणि ते लागू नये म्हणून माणसं जपतात. पण जुने ताम्रपट उघडून पाहिले, तर तिथले राजे मोठ्या अभिमानानं सांगतात की आमचं लांछन वराह, आमचं लांछन सिंह. लांछन म्हणजे खूण. हा कोण, कुठला, कुणाच्या बाजूचा, हे लांबून कळावं म्हणून धरलेली ओळख. चंद्रावरच्या डागालाही लांछनच म्हणत. पुढं खुणेचा डाग झाला आणि डागाची बदनामी झाली.

आज ज्या लांछनाबद्दल मला बोलायचं आहे ते आठ कोनांचं आहे. २ सप्टेंबर २०२२ रोजी कोचीत ‘विक्रान्त’ ही विमानवाहू नौका नौदलात दाखल झाली, आणि त्याच दिवशी भारतीय नौदलाला नवं निशाण मिळालं. पांढऱ्या कापडावर डाव्या बाजूच्या वरच्या कोपऱ्यात तिरंगा, आणि उजवीकडे गडद निळ्या रंगाचा, दुहेरी सोनेरी कडेचा अष्टकोन. अष्टकोनात ढाल, ढालीवर नांगर, नांगराच्या माथ्यावर अशोकस्तंभाचे सिंह, आणि खाली वरुणाची प्रार्थना. हे आठ कोन छत्रपती शिवाजी महाराजांच्या राजमुद्रेवरून घेतले आहेत, असं त्याच वेळी जाहीर झालं.

आम्हां सिंधुदुर्गवाल्यांना याचं अप्रूप वाटणं साहजिक होतं. १ मे १९८१ रोजी आमचा जिल्हा वेगळा झाला, तेव्हा त्याला नाव मिळालं तेच मुळी एका जलदुर्गाचं. तळेरं काही समुद्रावर नाही. महामार्गावरचं गाव. पण इथल्या नाक्यावरून एक रस्ता पश्चिमेला विजयदुर्गाकडे उतरतो, एक गगनबावड्याचा घाट चढून कोल्हापूरला जातो, आणि दक्षिणेला तसंच चालत राहिलं तर गोवा लागतो. या तिन्ही दिशांना गेल्या हजार वर्षांत इतकी निशाणं चढली आणि उतरली आहेत, की आठ कोनांच्या या नव्या निशाणाची गोष्ट त्यांच्याशिवाय नीट सांगता येत नाही.

मात्र त्याआधी थोडा वेळ जर्मनीला जाऊ या. कारण गावाला स्वतःचं निशाण असावं ही कल्पना आपल्याकडे फारशी रुजली नाही, आणि तिकडे ती इतकी रुजली आहे की लहानसहान गावालाही स्वतःची ढाल असते. त्या ढालीवर किल्ली असेल, अस्वल असेल, झाड असेल. कोबुर्ग हे असंच एक छोटं शहर. राणी व्हिक्टोरियाचा नवरा प्रिन्स अल्बर्ट त्याच घराण्यातला. या कोबुर्गच्या ढालीवर काय आहे? एका काळ्या माणसाचं मस्तक, कानात डूल घातलेलं. हा संत मॉरिशस, इजिप्तकडच्या फौजेचा सेनानी, ख्रिस्ती धर्मासाठी मारला गेलेला, आणि कोबुर्ग शहराचा रक्षक संत. गोऱ्या माणसांच्या गावानं काही शतकं एका आफ्रिकन माणसाचा चेहरा आपली ओळख म्हणून मिरवला, अगदी रस्त्यावरच्या गटाराच्या झाकणांवरसुद्धा. १९२९ मध्ये नाझी पक्षाला नगरपालिकेत बहुमत देणारं हे जर्मनीतलं पहिलं शहर ठरलं, आणि १९३४ साली त्या राजवटीनं ढालीवरून मॉरिशसला काढलं. त्याच्या जागी तलवार आली, आणि तलवारीच्या मुठीवर स्वस्तिक. १९४५ मध्ये राजवट पडली, तसा मॉरिशस परत आला. अलीकडे, २०२० मध्ये, पुन्हा वाद झाला. काहींचं म्हणणं पडलं की जाड ओठ आणि डूल अशा रीतीनं काळ्या माणसाचं चित्र काढणं हाच त्याचा अपमान आहे. म्हणजे ज्याला एकानं वंशाच्या नावानं हाकललं, त्याच्याच चित्राला दुसरा वंशद्वेषाचं चित्र म्हणतो. चित्र तेच राहतं, बघणारे बदलतात.

आपल्याकडे गावाची ढाल नाही, पण गावाची खूण नाही असं कोण म्हणेल? आमच्या जिल्ह्यात देवाचे तरंग असतात. उंच काठीला लुगडी गुंडाळलेली, वर देवाचा मुखवटा. दसऱ्याला तो तरंग निघाला की गाव मागं चालतं. कुठल्या गावाचा, कुठल्या देवाचा, हे जाणत्याला लांबून कळतं. मोहरमला काठीच्या टोकावर पंजा चढतो, तोही तसाच. दोन्हींत एक काठी, एक कापड आणि वर एक धातूची खूण. या वस्तूंना युरोपातल्यासारखी नोंदवही नाही, रंगांचे नियम नाहीत. मानकऱ्यांना सगळं तोंडपाठ असतं, तीच त्यांची नोंदवही.

राजांच्या खुणा मात्र नोंदलेल्या सापडतात. तळेऱ्याहून उत्तरेला जवळच खारेपाटण आहे. तिथं मिळालेला रट्टराजाचा ताम्रपट शके ९३० चा, म्हणजे इसवी सन १००८ चा. हे शिलाहार राजे. त्यांचं बिरुद होतं ‘सुवर्णगरुडध्वज’. निशाणावर सोन्याचा गरुड. त्या ताम्रपटातली एक गोष्ट मला गरुडापेक्षाही मोलाची वाटते. देवस्थानाला उत्पन्न लावून देताना राजा म्हणतो की परदेशाहून येणाऱ्या प्रत्येक जहाजामागे इतकं सोनं घ्यावं. म्हणजे हजार वर्षांपूर्वी खारेपाटणच्या खाडीच्या आसऱ्यानं बाहेरची गलबतं येत होती, आणि त्यांच्या पैशातून देवाचा दिवा जळत होता. त्या गलबतांवर अरब असणार, आणखी कुणी कुणी असणार. खाडीच्या तोंडाशी उभ्या असलेल्या माणसाला लांबून शीड दिसलं की पहिला प्रश्न पडत असेल तो एकच, हे कुणाचं?

समुद्रावरच्या निशाणाचं मूळ या प्रश्नात आहे. जमिनीवर माणूस जवळ येऊन बोलू शकतो. पाण्यावर जवळ येईपर्यंत तोफेचा पल्ला ओलांडलेला असतो.

पोर्तुगीजांनी या प्रश्नाचा धंदा केला. सोळाव्या शतकात त्यांनी ‘कार्ताझ’ म्हणून परवाना काढला. समुद्रात जायचं तर तो जवळ हवा, नाहीतर जहाज जप्त. परवान्यामागं उभं होतं पोर्तुगालचं राजचिन्ह. ते अजून वसईला, चौलला, गोव्यात दरवाजांवर कोरलेलं दिसतं, आणि पर्यटक त्याच्याखाली उभे राहून फोटो काढतात. मध्ये पाच छोट्या ढाली, प्रत्येक ढालीत पाच ठिपके, भोवती सात किल्ले. पाच ढाली म्हणजे ११३९ च्या ओरिकच्या लढाईत हरवलेले पाच मुसलमान राजे, आणि सात किल्ले म्हणजे मुसलमानांकडून जिंकलेले सात किल्ले, असा त्यांचा पारंपरिक अर्थ. माझ्या धर्माचे इतके पराभव एका चित्रात बसवणाऱ्या कारागिराचं कौतुक करावं की काय करावं, मला कळत नाही. पण खरं सांगायचं तर वसईच्या कोळ्याला किंवा चौलच्या मुसलमान व्यापाऱ्याला या पाच राजांची गंधवार्ताही नसणार. त्याला त्या ढालीचा अर्थ एवढाच ठाऊक होता की इथं पैसे भरावे लागतात.

गोव्याला त्यांनी आणखी एक खूण दिली, चक्राची. २५ नोव्हेंबर १५१० रोजी आल्बुकर्कनं गोवा घेतलं, तो संत कॅथरिनचा दिवस. कॅथरिनला चक्राला बांधून मारायचं ठरलं होतं अशी कथा आहे, म्हणून तिचं चिन्ह चक्र, आणि म्हणून गोव्याच्या चिन्हात चक्र. गंमत अशी की सिंधुदुर्गाच्या पायाभरणीची तारीख सांगतात तीही २५ नोव्हेंबर, सन १६६४. मधल्या काळात युरोपचं पंचांग बदललं, तेव्हा या योगायोगात कुणी फार खोल जाऊ नये. पण दीडशे वर्षं ज्या किनाऱ्यावर परवाना दुसऱ्याचा चालत होता, तिथं मालवणजवळच्या कुरटे बेटावर एक माणूस दगड रचायला लागला, हे खरं.

आता त्या माणसाच्या मुद्रेकडे येऊ.

शिवाजी महाराजांची मुद्रा १६४६ सालच्या, रांझ्याच्या पाटलाच्या प्रकरणातल्या पत्रावर दिसते. त्या पाटलानं एका बाईवर अत्याचार केला म्हणून त्याला शिक्षा झाली, ते हे पत्र. महाराज तेव्हा विशीतही नव्हते. दख्खनच्या दरबारांत त्या काळी शिक्के फारसीत असत. खुद्द शहाजीराजांचा शिक्का फारसीत आहे. मुलाची मुद्रा मात्र संस्कृतात, आणि अष्टकोनी. तिचा अर्थ शाळेतल्या मुलांनाही पाठ असतो. प्रतिपदेच्या चंद्रकोरीसारखी वाढत जाणारी, जगानं वंदावी अशी, शाहपुत्र शिवाची ही मुद्रा लोकांच्या कल्याणासाठी शोभते आहे.

यातले दोन शब्द मला थांबवतात. पहिला ‘शाह’. शहाजीराजांचं नाव कसं पडलं याची एक परंपरा आहे. मालोजीराजांनी नगरच्या शाह शरीफ या पीराला नवस केला, आणि मुलगे झाले तेव्हा एकाचं नाव शहाजी आणि दुसऱ्याचं शरीफजी ठेवलं. तो दर्गा नगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, अजून आहे. तेव्हा फारसी सोडून संस्कृतात आलेल्या त्या मुद्रेतही एका पीराचं नाव आलं, बापाच्या नावातून. ते काढायचं कुणाच्या मनातही आलं नाही, कारण ते परकं कुणाला वाटलंच नाही. बापाचं नाव होतं ते.

दुसरा शब्द चंद्र. एका कार्यक्रमात मी राजमुद्रेवरची कविता वाचली. नंतर चहाच्या वेळी एक गृहस्थ जवळ आले. माणूस भला, बोलणंही गोड. म्हणाले, “कविता छान होती सर. पण तुमचं चिन्ह तर चंद्रकोर ना?” मी म्हटलं, “साहेब, मुद्रेतसुद्धा चंद्रकोरच आहे.” ते हसले, मीही हसलो, विषय संपला. पण घरी येताना तो प्रश्न माझ्याबरोबर गाडीत बसून आला. ‘तुमचं’ आणि ‘आमचं’ असं आकाशातल्या वस्तूंचंही वाटप झालं आहे तर! वास्तविक इस्लामच्या पहिल्या काळात चंद्रकोर हे धर्मचिन्ह नव्हतं. ग्रीकांच्या बायझँटियम शहराच्या नाण्यांवर ती इसवी सनाच्या आधीपासून आहे. तुर्कांच्या निशाणावरून ती जगभर मुसलमानांची म्हणून ओळखली जाऊ लागली, ते फार नंतर. आणि कोकणातला मुसलमान तिच्याकडे बघतो तो वर्षातून एकदोन संध्याकाळी, ईदचा चाँद म्हणून, पश्चिमेला ढग नसावेत अशी प्रार्थना करत. अमावास्येनंतरची ती रेघ. मुद्रेत जी आहे तीच.

मुद्रा पत्राच्या माथ्यावर उमटे. पत्र संपलं की शेवटी दुसरा छोटा शिक्का असे, मोर्तब. त्यावरच्या मजकुराचा आशय एवढाच की इथं मर्यादा झाली. त्याच्याखाली कुणी एक ओळही घुसडू नये, यासाठी ही तजवीज. यावरून आपण ‘शिक्कामोर्तब’ म्हणतो. राज्याभिषेकानंतर महाराजांनी ‘राजव्यवहारकोश’ करवून घेतला, कारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले. मोठं काम ते. पण शिक्का हा शब्द फारसीतून आलेला, मोर्तब अरबीतून आलेला, आणि दोन्ही कोशाला पुरून उरले.

समुद्रावर तर विचारूच नका. दर्या फारसी. निशाण फारसी. सुकाणू अरबी. खलाशी अरबी. नाखवा म्हणजे फारसी नाखुदा. आणि ज्याचा आपल्याला एवढा अभिमान ते ‘आरमार’ पोर्तुगीजांच्या ‘आर्मादा’वरून आलेलं, शत्रूच्याच तोंडून घेतलेलं. ज्यांच्याशी लढायचं त्यांचा शब्द घेतला, शिडाची पद्धत आवडली तर तीही घेतली, आणि त्यांच्याच कार्ताझला पुढं कान्होजी आंग्र्यांनी स्वतःच्या दस्तकानं उत्तर दिलं. आता कोकणच्या किनाऱ्यावरून जायचं तर सरखेल आंग्र्यांचा शिक्का हवा. इंग्रज चिडले, ‘चाचा’ म्हणाले. दोनशे वर्षं पोर्तुगीज तेच करत होते, तेव्हा त्याला कायदा म्हणत.

महाराजांच्या आरमारात कोण होतं? इंग्रजांच्या कागदांत नावं येतात ती दर्यासारंग, मायनाक भंडारी, दौलतखान. दर्यासारंग हा किताब आहे. मायनाक भंडारी किनाऱ्यावरचा. दौलतखान मुसलमान. १६७९ च्या पावसाळ्यात मायनाकानं मुंबईच्या तोंडावर खांदेरी बेटावर तटबंदी घालायला घेतली. इंग्रजांनी वेढा घातला. १८ ऑक्टोबर १६७९ रोजी दौलतखान ताफा घेऊन आला आणि इंग्रजांवर तुटून पडला. ‘डव्ह’ नावाचं त्यांचं जहाज पाडाव झालं. ‘रिव्हेंज’ मात्र चिवटपणे लढलं आणि मराठ्यांना मागं फिरावं लागलं. शेवटी इंग्रजांनीच नाद सोडला, खांदेरी महाराजांकडे राहिली. पण शेजारच्या उंदेरीवर सिद्दी येऊन बसला. हा जंजिऱ्याचा सिद्दी, मुसलमान, मूळचा आफ्रिकेतला, मोगलांच्या नावानं लढणारा. त्याच्या समोर दौलतखान, मुसलमान, भगव्याखाली लढणारा. दोघांचा कलमा एक, निशाणं दोन. त्या दिवशी दौलतखानाला कुणी विचारलं असेल का, तुमचं चिन्ह कोणतं म्हणून? डोलकाठीवर होतं ते. लांबून दिसत होतं.

निशाण एक आणि माणसं वैरी, असंही झालं, आणि ते आमच्या अगदी जवळ. फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्ग पडला. समुद्राकडून वॉटसन आणि क्लाइव्ह यांची इंग्रजी जहाजं, जमिनीकडून पेशव्यांची फौज. आत तुळाजी आंग्र्यांची माणसं. महाराजांनी उभ्या केलेल्या आरमाराचा वारस असलेला ताफा विजयदुर्गाच्या धक्क्यात जळाला, तेव्हा किनाऱ्यावरच्या डोंगरावर पेशव्यांचा जरीपटका होता. तुळाजींचं वागणं सरळ नव्हतं, भांडणं जुनी होती, हे सगळं मान्य. तरीही या प्रकरणाबद्दल मी कधी शांतपणे वाचू शकलेलो नाही. आज विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग युनेस्कोच्या यादीत आहेत, जुलै २०२५ पासून, खांदेरीसकट. तिथं जाणाऱ्यानं धक्क्याकडे तोंड करून दोन मिनिटं उभं राहावं.

पुढं इंग्रजांनी निशाणं वाटायलाही सुरुवात केली. १८७७ च्या दिल्ली दरबारात व्हिक्टोरिया हिंदुस्थानची सम्राज्ञी झाल्याची घोषणा झाली, तेव्हा संस्थानिकांना विलायती धर्तीच्या रेशमी ध्वजांची भेट मिळाली. त्यांवरची चिन्हं रॉबर्ट टेलर नावाच्या बंगालमधल्या सनदी अधिकाऱ्यानं आखली होती. ढाल, ढालीच्या दोन बाजूंना दोन प्राणी, खाली फीत, फितीवर वचन. शिंद्यांचा नागही त्या विलायती चौकटीत गेला. तोवर तो कथेत होता, डोक्यावर फणा धरून सावली करणारा. ध्वज सुंदर होते म्हणतात, आणि जड. पेलायला धडधाकट माणसं लागत. कोबुर्गच्या घराण्याची सून आपल्या राजांना कुलचिन्हं देत होती, यापलीकडे त्यात सांगण्यासारखं नाही.

स्वातंत्र्य आलं आणि २६ जानेवारी १९५० पासून आपल्या नौदलाच्या निशाणाच्या कोपऱ्यात युनियन जॅकच्या जागी तिरंगा आला. पण पांढऱ्या कापडावरचा लाल क्रूस तसाच राहिला. हा सेंट जॉर्जचा क्रूस, इंग्लंडची खूण. पन्नास वर्षं तो कुणाला खुपला नाही असं नाही, पण नौदलं परंपरेला चिकटून असतात. १५ ऑगस्ट २००१ रोजी तो काढला, त्या जागी नौदलाचं निळं बोधचिन्ह आलं. आणि मग एक साधी अडचण निघाली. निळं चिन्ह निळ्या आकाशात आणि निळ्या पाण्यात ओळखू येईना! खाडीच्या तोंडाशी उभ्या असलेल्या माणसाचा तोच जुना प्रश्न, आणि निशाण उत्तरच देईना. म्हणून २००४ साली लाल क्रूस परत आला, या वेळी मध्यभागी सोनेरी सिंह घेऊन. २०१४ मध्ये सिंहांखाली ‘सत्यमेव जयते’ आलं. आणि २०२२ मध्ये क्रूस कायमचा उतरला, आठ कोन आले, भोवती ठसठशीत सोनेरी कडा.

गुलामीची खूण उतरली, असं त्या दिवशी सांगण्यात आलं. ते खरंच आहे. तो क्रूस आपल्या जहाजांवर आला तो कुणी आपल्याला विचारून आणला नव्हता. मलाही तो जाण्याचं दुःख नाही. पण उतरलेल्या संताची चौकशी तरी करावी. हा जॉर्ज इंग्रज नव्हताच. इंग्लंडला त्यानं पाऊलही लावलं नाही. परंपरा त्याचं नातं आजच्या तुर्कस्तानाशी आणि पॅलेस्टाईनमधल्या लिद्दाशी जोडते. बेथलेहेमजवळ अल-खदर नावाचं गाव आहे, तिथं जॉर्जचं चर्च आहे, आणि त्या चर्चमध्ये ख्रिस्त्यांबरोबर मुसलमानही नवस फेडायला जातात. ते त्याला जॉर्ज म्हणत नाहीत, खिद्र म्हणतात. म्हणजेच आपल्याकडचा ख्वाजा खिज्र. अमृताचं पाणी प्यालेला, वाट चुकलेल्यांना वाट दाखवणारा, पाण्याचा पीर. बंगालात मुर्शिदाबादला त्याच्या नावानं नदीत दिव्यांच्या होड्या सोडतात. सिंधमध्ये सख्खरजवळ सिंधू नदीच्या बेटावर त्याचं ठाणं आहे. आणि तिथला मुसलमान ज्याला ख्वाजा खिज्र म्हणतो, त्यालाच हिंदू म्हणतो झुलेलाल. उल्हासनगरात चेटीचंडची मिरवणूक ज्यांनी पाहिली आहे त्यांना माशावर बसलेला, पांढऱ्या दाढीचा झुलेलाल ठाऊक असेल. सिंधी लोकांच्या श्रद्धेप्रमाणे झुलेलाल कुणाचा अवतार? वरुणाचा.

तेव्हा २०२२ साली निशाणावरून उतरला तो जॉर्ज, आणि निशाणावर ज्याची प्रार्थना लिहिली गेली तो वरुण, या दोघांची गाठ सिंधू नदीतल्या त्या बेटावर कधीच पडली आहे. निशाण ठरवणाऱ्यांनी एवढा विचार केला असेल असं माझं म्हणणं नाही. त्यांना करायचीही गरज नव्हती. पाण्यावर जाणाऱ्या माणसांनी तो हजार वर्षं करून ठेवला आहे. बुडायची भीती सगळ्यांना सारखीच असते, आणि ऐन तुफानात नावाच्या उच्चारावरून कुणी भांडत नाही.

४ डिसेंबर २०२३ रोजी नौदल दिन आमच्या सिंधुदुर्गात साजरा झाला. तारकर्लीसमोर युद्धनौका उभ्या राहिल्या. त्या दिवशी आणखी एक घोषणा झाली. नौदलाच्या ॲडमिरल दर्जाच्या अधिकाऱ्यांच्या खांद्यावरच्या पट्ट्यांतही महाराजांच्या वारशाची खूण येणार. महिनाअखेरीस ती नक्षी जाहीर झाली, अष्टकोन, तलवार आणि दुर्बीण. त्याच दिवशी मालवणच्या राजकोटला महाराजांचा पुतळा उभा राहिला. २६ ऑगस्ट २०२४ रोजी, नऊ महिन्यांच्या आत, तो कोसळला. पुढं २०२५ च्या मे महिन्यात तिथं नवा, अधिक उंच पुतळा आला. या प्रकरणावर खूप बोललं गेलं आहे. मी एवढंच नोंदवतो की त्या पुतळ्यापासून हाकेच्या अंतरावर, पाण्यात, साडेतीनशे वर्षांचा किल्ला उभा होता आणि त्या वाऱ्यात त्याचा दगड हलला नाही. आणि ज्या मुद्रेवरून हे आठ कोन आले, ती तर कागदाच्या माथ्यावर मावेल एवढी. महाराजांनी तिच्यातून काय केलं, तर रांझ्याच्या एका बाईला न्याय दिला.

निशाणावरच्या नांगराविषयी एक सांगायचं राहिलं. आपल्या भाषेत शेत नांगरायचा तोही नांगर आणि जहाज थोपवायचा तोही नांगर. इंग्रजीत दोन वेगळे शब्द आहेत, आणि दर्यावर्दी फारसीतला लंगर वेगळाच. कोकणातल्या माणसाला मात्र एकच शब्द पुरला, कारण चार महिने भातशेती आणि बाकीचे महिने होडी, असं एकाच घरात चालत असे. हातात दोन्ही वेळा एकच गोष्ट, जमिनीत रुतणारं लोखंड.

मालवणच्या किंवा विजयदुर्गाच्या बंदरावर आज गेलात तर मच्छीमार होड्यांच्या अंगावर रंगवलेला नोंदणी क्रमांक दिसेल. समुद्रावरच्या चौकीला लांबून कळावं, ही होडी कुठली, कुणाची. तो सरकारनं दिलेला. नाळेवर नाव असतं, देवीचं, पीराचं, आईचं, कधी मुलीचं. ते मालकानं ठरवलेलं. आणि डोलकाठीवर नारळी पौर्णिमेला किंवा उरुसाला बांधलेलं एखादं कापड फडकत असतं. उन्हानं आणि खाऱ्या वाऱ्यानं ते इतकं विटलेलं असतं की भगवं होतं की हिरवं, हे जवळ जाऊनही सांगता येत नाही. तांडेलाला विचारावं लागतं.